खालच्या कप्प्यातली नळी

मी एक नळी बोलतेय. प्लास्टिकची, करंगळीएवढी, निळ्या फिरकीच्या झाकणाची. आज रिकामी आहे म्हणून बोलता येतंय. भरलेली होते तेव्हा गोठलेली होते, आणि गोठलेल्याला बोलता येत नाही. ऐकू मात्र येतं.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून आम्ही शेकड्यांनी एकदम बाहेर पडलो, सगळ्या सारख्या, कुणाला कुणाचं वेगळेपण नाही. पिशवीत भरताना आमच्यात एकच विषय असायचा, की आपल्या पोटात काय जाणार. कुणाच्या नशिबी औषध असतं, कुणाच्या नुसतं पाणी. माझ्या वाट्याला एक बाई आली. चमच्याहूनही कमी, पण बाईच.

जिथे मी आले ती दुमजली इमारत होती. खाली गरोदर बायकांची तपासणी, वर प्रयोगशाळा. खाली वजनाचा एक काटा होता, त्याला पायानं हलकेच ढोसल्याशिवाय तो शून्यावर येत नसे. वर एक मॅडम होत्या. गरोदरपणात काही जणींचा रक्तदाब अचानक चढतो आणि आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. तो चढायच्या आधीच रक्तात काही खूण दिसते का, याचा शोध मॅडम घेत होत्या.

त्यांच्या कामाला एक नियम होता. सगळ्या बायका बाळंत होईपर्यंत एकही नळी उघडायची नाही. कोण सुखरूप सुटली, कोण आजारी पडली हे कळलं, की मगच सगळ्या नळ्या एकदम तपासायच्या. "आधी उघडलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो," असं मॅडम म्हणायच्या. नियम वाईट नव्हता. पण नळीच्या बाजूनं कुणी विचार केला नव्हता.

ती आली तेव्हा तिला सातवा महिना होता. जाड भिंगांचा चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. सोबत नवरा होता. दोघांचं चष्म्यांचं दुकान होतं. तो डोळे तपासायचा, ती काचा घासून चौकटीत बसवायची.

"सिस्टर, बेतानं काढा हं," ती म्हणाली. "सध्या दोघांपुरतं लागतं मला."

"तुमच्या मिस्टरांना बसवा आधी कुठेतरी. भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेत ते."

"राहू द्या. त्यांना काचेपलीकडचं काही सोसत नाही. रक्त दिसलं की त्यांचाच नंबर वाढतो."

"ऐकू येतंय मला," भिंतीकडूनच तो म्हणाला.

"मग इकडे बघून बोला की, चष्मेवाले!"

तो वळला नाही. तिघंही हसली. सिस्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. "एकदम छान आहे दाब," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

मग ते रक्त वर आलं. यंत्रात गरगर फिरवल्यावर लाल तळाशी बसलं आणि वर फिकट पिवळं पाणी उरलं. ते आम्हा तिघींत वाटलं गेलं. मी तिसरी. माझ्यावर चिकटवलेल्या कागदावर आकडा होता, नाव नव्हतं. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण बाकीचं कळलं. पोटातल्या बाळाची वार आईच्या रक्तात दोन निरोप पाठवत असते. एक सांगतो, रक्तवाहिन्यांनो, सैल व्हा, वाढा, बाळाला आता जास्त लागणार आहे. दुसरा त्याला आवर घालतो. बाई निरोगी असली की पहिल्याचा आवाज मोठा असतो. माझ्यातला पहिला जेमतेम कुजबुजत होता आणि दुसरा ओरडत होता. तिच्या दंडाला अजून काही ठाऊक नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, पाय सुजले नव्हते. ती खाली नवऱ्याशी थट्टा करत दाराच्या पायऱ्या उतरत होती, आणि वर माझ्या पोटात सगळं आधीच ठरत आलं होतं.

कुणीतरी झाकण उघडेल, म्हणून मी वाट पाहिली. कुणी माझं झाकण आणखी घट्ट केलं आणि मला फ्रीजरमध्ये ठेवलं.

उणे ऐंशी अंश म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. तिथे थंडी वाजत नाही. वाजायला जरा ऊब लागते. तिथे नुसतं थांबणं असतं. पहिल्याचं कुजबुजणं अर्ध्यात थांबलं, दुसऱ्याचं ओरडणं अर्ध्यात थांबलं, आणि मीही.

दार उघडलं की मात्र आवाज यायचे. माणसांची एक गंमत आहे, फ्रीजरचं दार उघडून आपण काय घ्यायला आलो हे ती विसरतात आणि तशीच उभी राहतात. भांडण झालेलं असलं की दार जरा जोरात लावतात. एक मुलगी तर उन्हाळ्यात दार उघडून नुसती कपाळ पुढे करायची, आणि कुणी आलं की "नमुने मोजतेय," म्हणायची. मला ती आवडायची. तिच्या कपाळाची वाफ माझ्यापर्यंत येऊन तिचं हिम व्हायचं.

एकदा सिस्टर कानाचा फोन खाली ठेवून मॅडमशी बोलत होती आणि दार उघडं होतं.

"नाही हो मॅडम, उचलत नाहीत. आधी नुसता वाजायचा. आता बंदच झालाय नंबर."

"दुकानाचा?"

"दुकानाला कुलूप आहे म्हणे. गेले असतील गाव सोडून. बाळंतपण इथे झालेलं नाही, एवढं नक्की."

"मग त्यांची डबी खाली ठेव."

खालचा कप्पा ज्यांचं पुढे काय झालं हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी होता. त्या ना आजाऱ्यांत धरता येत, ना निरोग्यांत. वर्षभरानं तपासणीचा दिवस आला. वरच्या कप्प्यांतल्या डब्या एकामागून एक बाहेर गेल्या. रिकाम्या जागेतून टाळ्यांचा आवाज आला, कुणीतरी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली म्हणून कुणीतरी रुसलं. मॅडमना खूण सापडली होती. तेच दोन निरोप, आणि त्यांचं बिघडलेलं प्रमाण. जे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ते आता मॅडमना ठाऊक झालं. मला कुणी विचारलं नाही. ज्या बाईची हकिगत माहीत नाही, तिच्या रक्ताला विचारून उपयोग काय, असा तो हिशेब होता.

पुढची वर्षं मी नीट सांगू शकत नाही, कारण एकाहून दुसरं वेगळं नव्हतं. एकदा वीज गेली, फ्रीजर कर्कश शिट्टी मारत राहिला, आणि त्या गडबडीत आमच्यातल्या थोरलीला तडा गेला. मधली एका साफसफाईत गेली. जागा हवी होती, खालच्या कप्प्यातलं जुनं काढून टाकलं. मी डबीच्या मागे बर्फाच्या थराला चिकटले होते म्हणून राहिले. वाचले असं मी म्हणणार नाही. कुणी सोबत नसताना नुसतं राहणं म्हणजे वाचणं नव्हे. त्या बाईचं या जगात एवढंच उरलंय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आपण फक्त एक विसरलेली वस्तू आहोत, असंच मला वाटायचं.

मग एका सकाळी दार उघडलं, आणि सिस्टरचा आवाज आला, जरा जाडावलेला.

"खाली एक मावशी आल्यात, मॅडम. धाकट्या लेकीला घेऊन. तिला सातवा महिना आहे. घरात कुणाला गरोदरपणात दाबाचा त्रास झाला होता का, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं. तर म्हणाल्या, दाबाचं माहीत नाही, पण थोरली फिट येऊन गेली, आठव्या महिन्यात. बाळ ऑपरेशन करून काढलं म्हणून ते राहिलं. आणि म्हणाल्या, तुम्हीच तिचं रक्त घेतलं होतं."

"आपण?"

"चष्मेवाली हो, मॅडम. दोघांपुरतं लागतं म्हणणारी. मी या हातानं तिला पट्टा बांधला होता."

मॅडमनी हातमोजे चढवले. मग हातमोज्यातली बोटं डब्यांमागून फिरू लागली. बर्फावर टकटक झाली. मी सुटले.

असं कळलं मला की ती गेली. नळीला धक्का बसत नाही. तरी सांगते, इतकी वर्षं मी तिची वाट पाहत नव्हते, तर कुणीतरी मला विचारेल याची वाट पाहत होते. त्या क्षणी दोन्ही एकच होतं, हे समजलं.

परवानगी द्यायला नवऱ्याला बोलावलं. बर्फाच्या भांड्यात मला उभं करून ठेवलं होतं, आणि टेबलाच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याच्या सासूबाई. त्याचे केस बरेच गेले होते. आता तो भिंतीकडे बघत नव्हता. माझ्याकडेच बघत होता.

मॅडमनी सरळ सांगितलं. "तुमच्या मिसेस कशानं गेल्या, हे तुम्हांला नीट सांगितलं गेलं नाही. झटके आले, एवढंच लिहिलंय. ते मेंदूचं काही असू शकतं, किंवा गरोदरपणातल्या दाबाचं. दुसरं असेल तर त्यांच्या धाकट्या बहिणीलाही धोका जास्त. या नळीतून ते कळू शकेल. पण एकदा वितळवून यंत्रात घातली की ही संपली. पुन्हा ठेवता येणार नाही."

"मग नको," तो म्हणाला.

"अहो, नको काय?" सासूबाई म्हणाल्या.

"धाकटीवर लक्ष ठेवा. दर आठवड्याला तपासा. हवं तर मी तिला रोज गाडीतून घेऊन येतो. पण हे राहू दे."

"राहू दे म्हणजे? ठेवून काय करायचंय त्याचं? आईस्क्रीम आहे का ते?"

"आई, तिचं एवढंच उरलंय."

"एवढंच? आणि तुमच्या घरात तिचं नाक घेऊन हिंडते ती कोण? शेजारणीची?"

तो कसनुसा हसला. मॅडमनी कागद पुढे सरकवला नाही. चांगल्या होत्या त्या.

"परवानगीचं नाही हो," शेवटी तो म्हणाला. "उत्तर आलं तर काय करू, ते मला कळत नाहीये."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्यात जाड भिंगांचा एक चष्मा होता, नवाकोरा. "जायच्या आधी थोडे दिवस म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अक्षरं पुसट दिसतात. मी तिला खुर्चीत बसवलं आणि वाचायला लावलं. एकेक काच बदलत गेलो. दर काचेला म्हणायची, हो, जरा बरं दिसतंय. माझं मन राखायला म्हणाली असेल. मी नंबर वाढवला. काचा तिनं स्वतः घासायला घेतल्या, तर म्हटलं, बस तू, आज मी घासतो. फार खूश झाली."

"जावईबापू..."

"थांबा, आई. चष्मा घातल्यावर म्हणाली, डोकं ठणकतंय. तर मी म्हटलं, नव्या नंबराची सवय व्हायला आठवडाभर लागतो. मी सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो." त्यानं चष्म्याच्या काड्या उघडल्या, मिटल्या. "दुसरा कुणी असता तर तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. मी चष्मेवाला, म्हणून चष्मा केला."

सासूबाई काही वेळ टेबलावरची न दिसणारी धूळ बोटानं गोळा करत राहिल्या.

"मला पाय दाखवले होते तिनं," त्या म्हणाल्या. "हे एवढे सुजलेले. मी म्हटलं, तुझ्या वेळी मलाही सुजले होते, उशी घे पायाखाली. तुम्ही चष्मा केलात, मी उशी दिली." मग नाक ओढून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता धाकटी खाली काट्यावर चढून वजन करतेय. तिच्या डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत आपण दोघं या बाटलीकडे बघत बसायचं का?"

त्यानं मला बोटांत धरलं. मॅडम "हात लावू नका" म्हणणार होत्या, पण थांबल्या, आणि त्याला हातमोजे दिले. माझ्यावर दव साचलं होतं, आकडा वाचता येत नव्हता. त्यानं चष्मा पुसायचं मऊ कापड काढलं आणि मला पुसलं. हळू, गोल गोल, काच पुसतात तसं. मग उजेडासमोर धरलं.

"पिवळं आहे," तो म्हणाला.

"तसंच असतं ते."

"पिवळा रंग तिला मुळीच आवडायचा नाही."

मग त्यानं सही केली.

वितळताना मला पहिल्यांदा कळलं की मी किती गोठले होते. आधी कडा सैल झाल्या, मग मधला भाग. अर्ध्यात थांबलेलं कुजबुजणं आणि ओरडणं तिथूनच पुढे सुरू झालं, जणू मधली वर्षं झालीच नव्हती. त्याच वेळी खालून दुसरी नळी आली. तसंच निळं झाकण, तसंच फिकट पिवळं पाणी, अजून कोमट. धाकटीचं. तिला फ्रीजर दाखवलासुद्धा नाही. तिला माझ्या शेजारच्या भोकात बसवलं आणि आम्ही दोघी एकाच फेरीत यंत्रात गेलो. इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी कुणीतरी होतं. बोलण्याइतका वेळ मिळाला नाही. पण तिच्यातले निरोप मला ऐकू आले. पहिल्याचा आवाज खणखणीत होता.

निकाल घेऊन मॅडम आल्या तेव्हा सासूबाई उभ्याच राहिल्या.

"धाकटीचं प्रमाण ठीक आहे. सध्या घाबरण्यासारखं काही नाही. पण दर आठवड्याला यायचं, आणि काहीही वाटलं तर आठवड्याची वाट न बघता यायचं." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "मोठीचं तेच होतं. दाबाचंच. तिनं रक्त दिलं त्या दिवशीच ते यात उतरलेलं होतं."

"त्या दिवशी? चष्म्याच्या आधी?"

"बरंच आधी. तेव्हा डोळे चांगले होते, दाब चांगला होता. ही नळी सोडून कुणालाच काही दिसत नव्हतं."

"आणि चष्म्याच्या दिवसांत तिला इथे आणलं असतं तर?"

मॅडम खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "दाब मोजला असता तर चढलेला दिसला असता. बहुधा. पुढचं मी सांगू शकत नाही." त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "हिचा अर्थ कसा लावायचा, हे तेव्हा आम्हांला पुरतं ठाऊक नव्हतं. पण ही याच खोलीत होती. तुम्ही चष्मा करत होता तेव्हा आम्ही हिचं झाकण घट्ट करून ठेवलं होतं."

तो मान हलवत राहिला. त्याचं ओझं कमी झालं नाही, असं मला वाटतं. पण आता ते उचलायला त्याच्याबरोबर आणखी दोघी होत्या. सासूबाईंनी टेबलावरचं चष्म्याचं घर मिटलं आणि ते त्याच्या खिशाऐवजी आपल्या पिशवीत टाकलं. "पोरगीला मोठी झाली की देईन," त्या म्हणाल्या. "आजीनं जपलं म्हणून सांगेन. चला, ती खाली एकटी बसलीय."

पायऱ्यांवर तिघांचे आवाज उतरत गेले. धाकटी विचारत होती, "काय झालं? कुणी काही बोलेल का?" आणि सासूबाई म्हणत होत्या, "आधी कठडा धर."

आता दुपार आहे. माझ्यात काही उरलेलं नाही. टाकायच्या डब्यात मी आडवी पडलेय, शेजारी धाकटीची नळी, तीही रिकामी. थोड्या वेळानं झाडूवाल्या मावशी डबा घेऊन जातील. तेवढ्यात एकच मागून घेते.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, आणि ती म्हणाली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, डोकं ठणकतं, चेहरा सुजलाय, तर चष्मा बदला, उशी द्या, जे जमेल ते प्रेमानं करा. पण त्याआधी तिच्या दंडाला पट्टा बांधून घ्या. आणि तिचं रक्त कुठे काढलं असेल तर तिथे जाऊन विचारा, ते कुणी पाहिलं का. नळीला हाक मारता येत नाही. तुम्हांला येते.

झाकण उघडं आहे. अंगावर दव नाही, ते त्यानं पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी या खोलीएवढी कोमट आहे.